पूर्ण मनाने देणं: दहा टक्के ग्रॉसवर की नेटवर?

हे आपल्या एपिसोडचं लेखी रूप. ज्यांना बसमध्ये, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये किंवा ऑफिसात हेडफोन न लावता वाचायचंय, त्यांच्यासाठी. बोलताना जे 'म्हणजे', 'अ‍ॅक्च्युअली' जास्त झाले होते ते काढलेत. बाकी सगळं जवळपास तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे ख्रिस्ती जीवनातली उदारता. पूर्ण मनाने देणं. विषय जुना आहे, पण आपल्या वयाच्या नोकरदार लोकांमध्ये तो एका अगदी ठरलेल्या प्रश्नातून येतो. पगाराची स्लिप उघडली जाते आणि कोणीतरी विचारतं, "दशमांश द्यायचा तो ग्रॉसवर की नेटवर?" म्हणजे पीएफ, टॅक्स कापण्याआधीच्या आकड्याचे दहा टक्के, की हातात आलेल्या पैशांचे? मग पुढचे प्रश्न येतात. बोनसचं काय? शेअर्स मिळाले त्यांचं काय? घराचा ईएमआय वजा करायचा का?

हसू नका, प्रश्न प्रामाणिक आहे. मी स्वतः कोड लिहून पोट भरते, त्यामुळे फॉर्म्युला मिळाला की मला बरं वाटतं. इनपुट टाका, आउटपुट घ्या, विषय संपला. पण ह्या प्रश्नाच्या तळाशी दुसरा एक प्रश्न दडलेला असतो, तो आपण मोठ्याने विचारत नाही: "किती दिलं म्हणजे मी मोकळी?" आजचं सगळं बोलणं त्या दुसऱ्या प्रश्नावर आहे.

आधी दशमांशाचा हिशोब

जुन्या करारात दशमांश आहे, यात शंका नाही. पण तो मूळचा पगाराचा नव्हता. धान्य, द्राक्षारस, तेल आणि गुरंढोरं यांचा दहावा भाग, असा तो शेतीचा हिशोब होता. अनुवादाच्या पुस्तकाचा १४ वा अध्याय नीट वाचला तर दोन गोष्टी लक्षात येतात, ज्यांच्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही.

पहिली अशी की त्या दहाव्या भागातून घरादाराने देवापुढे एकत्र बसून आनंदाने जेवायचं होतं. जागा लांब असेल तर माल विकून पैसे गाठीला बांधायचे, तिथे जाऊन हवं ते विकत घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं. दुसरी गोष्ट म्हणजे दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच साठवून ठेवायचा. कोणासाठी? लेवी, उपरी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी. म्हणजे ज्यांच्या नावावर जमीन नाही, पीक नाही, अशा माणसांसाठी. दशमांशाच्या मुळाशी एक जेवणाचं ताट आणि गावातली रिकामी पोटं अशा दोन गोष्टी होत्या.

नव्या करारात पौल मंडळ्यांना दानाबद्दल लिहितो तेव्हा टक्केवारी सांगतच नाही. करिंथच्या लोकांना तो म्हणतो की आठवड्याच्या पहिल्या दिवशी, आपापल्या मिळकतीच्या मानाने, बाजूला काढून ठेवा. दुसऱ्या पत्रात तो आणखी पुढे जातो: ज्याने त्याने मनात ठरवावं, कुरकुरत देऊ नये, कोणी जबरदस्ती करते म्हणून देऊ नये. आनंदाने देणारा देवाला आवडतो, हा त्याचा मुद्दा.

मग ग्रॉस की नेट? माझं सरळ उत्तर: तुम्ही मनात ठरवा आणि ते पाळा. दहा टक्के ही सुरुवात म्हणून चांगली शिस्त आहे. पण ती शाळेतल्या पासिंग मार्कांसारखी वापरायला लागलो, की आपण देवाला बिल भरतोय असं होतं. आणि बिल भरणाऱ्या माणसाला उदार कोणी म्हणत नाही.

दोन टोल्या आणि एक अत्तराची कुपी

आता जरा गणित करू. मार्कच्या शुभवर्तमानात १२ व्या अध्यायात ती प्रसिद्ध विधवा आहे. मंदिराच्या दानपेटीत ती दोन टोल्या टाकते. ते त्या काळचं सगळ्यात छोटं नाणं. दोन टोल्या मिळून एक क्वाद्रांस होतो, हे मार्क स्वतः सांगतो. रोमन हिशोबात चार क्वाद्रांसचा एक अस आणि सोळा असांचा एक दीनार. म्हणजे एका दीनारात ६४ क्वाद्रांस. आणि दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला आठवा, तिथे दिवसाला एक दीनारच ठरलेला आहे.

तर समजा, आजची दिवसाची मजुरी ६४० रुपये धरली, तर त्या बाईने दानपेटीत टाकले १० रुपये. टपरीवरचा एक कटिंग.

आता पुढे या. दोनच अध्यायांनंतर, त्याच आठवड्यात, बेथानीच्या एका घरी एक बाई येते. उंची अत्तराची कुपी फोडते आणि येशूच्या डोक्यावर ओतते. बसलेली माणसं चिडतात, कारण ते अत्तर तीनशे दीनारांहून जास्त किमतीला विकलं गेलं असतं. आपल्याच दराने हिशोब केला तर १ लाख ९२ हजार रुपये. काही मिनिटांत संपले.

एकीचं दान दुसरीच्या १९,२०० पट. येशू दोघींचंही कौतुक करतो. बरं, दुसरीचं कौतुक करतो तेव्हा साधारण असं सांगतो की तिला जे करता आलं ते तिने केलं.

म्हणजे रकमेवर काही चालत नाही, हे उघड आहे. टक्केवारीवर चालतं का? विधवेने शंभर टक्के दिले, हे खरं. पण अत्तरवाल्या बाईकडे मागे काय उरलं होतं, ते मार्क सांगत नाही. दोघींमध्ये सारखं काय आहे ते पाहा. दोघींकडे कोणी मागायला गेलं नव्हतं. दोघींना कोणी दर सांगितला नव्हता. दोघींनी स्वतःचंच दिलं. आणि देताना त्या दोघीही 'यातून मला काय मिळेल' या हिशोबात दिसत नाहीत. पूर्ण मन म्हणजे हेच असावं. रक्कम लहान असू दे की मोठी, हात मागे ओढलेला नसतो.

एक सावधगिरी इथेच सांगते. विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट अनेकदा 'बघा, गरीब बाईने सुद्धा सगळं दिलं, मग तुम्ही?' अशा सुरात सांगितली जाते. पण त्या गोष्टीच्या बरोबर आधीच्या ओळींमध्ये येशू अशा धर्मपुढाऱ्यांवर बोलतोय जे विधवांची घरं गिळतात आणि वर लांबलचक प्रार्थना करतात. ही गोष्ट गरिबाकडून वसुली करण्यासाठी वापरायची असेल, तर आधीच्या ओळी वाचून मग वापरावी. तुमचं घरभाडं थकलंय, आईचं औषध राहिलंय आणि कोणी म्हणतंय 'विश्वासाने दे, शंभरपट परत मिळेल', तर तिथून शांतपणे निघा. परताव्याचं आमिष दाखवून घेतलं जातं तिथे उदारता शिल्लक राहत नाही, ती गुंतवणुकीची स्कीम होते.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण

आपण मुळशी तालुक्यातून, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाकडून बोलतोय. आता जिल्ह्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊ. पुणे-दौंड रेल्वेलाइनवर केडगाव नावाचं स्टेशन लागतं. तिथे पंडिता रमाबाई मुक्ती मिशन आहे, आजही सुरू आहे. शाळेच्या पुस्तकात रमाबाईंचं नाव आपण सगळ्यांनी वाचलंय: स्त्रीशिक्षण, हंटर आयोगापुढची साक्ष, आर्य महिला समाज. पण देण्याच्या बाजूने त्यांचं आयुष्य पाहिलं तर वेगळंच काहीतरी हाती लागतं.

रमाबाई १८५८ मध्ये जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत फिरायचं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण गेली. भुकेने माणूस कसा खचतो ते रमाबाईंनी स्वतःच्या घरात पाहिलं. पुढे भाऊ श्रीनिवास गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी गेले. वयाच्या चोविशीत पदरात छोटी मनोरमा.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटिज इथल्या ख्रिस्ती भगिनींकडे राहिल्या आणि तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या मनावर सगळ्यात जास्त परिणाम कशाचा झाला, ते त्यांनी नंतर स्वतः लिहिलंय. त्या भगिनी लंडनमध्ये फुलम इथे 'वाया गेलेल्या' म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी काम करत होत्या. अशा स्त्रियांशी कोणी इतक्या मायेने वागू शकतं, हेच रमाबाईंना नवीन होतं. हे कशामुळे, असं त्यांनी विचारलं. तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्रीला विहिरीवर भेटलेल्या येशूची गोष्ट वाचून दाखवण्यात आली.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. नंतर हजारोंना देणारी ही बाई आधी घेणारी होती. तिने दुसऱ्यांची उदारता जवळून पाहिली, अनुभवली. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तिथे इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते विकून आणि गावोगाव भाषणं देऊन पैसा उभा केला. १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षं मदत करण्याचं ठरवलं. त्या जोरावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक विधवा मुलगी म्हणजे गोदूबाई, जिचं पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न झालं.

बजेट संपत आलेलं असताना

आता खरा कसोटीचा प्रसंग. १८९६-९७ चा दुष्काळ. मध्य प्रांतातून बातम्या येत होत्या. रस्त्यावर पडलेली मुलं, आणि पोटासाठी विकल्या जाणाऱ्या, फसवल्या जाणाऱ्या मुली. रमाबाईंना स्वतःचे जुने दिवस आठवले आणि त्या तिकडे गेल्या.

इथे जरा थांबा आणि त्यांच्या बाजूने विचार करा. हातात जी मदत होती ती शारदा सदनातल्या मोजक्या विद्यार्थिनींसाठी होती. अमेरिकेतल्या मदतीची दहा वर्षं संपत आली होती, १८९८ मध्ये तो करार पुरा होणार होता. आपल्या भाषेत सांगायचं तर फंडिंग रनवे संपत आलाय आणि अशा वेळी लोड अनेक पटींनी वाढतोय. कुठलाही समंजस माणूस म्हणाला असता, आधी पैसे येऊ देत, मग बघू.

त्या सुमारे तीनशे मुली आणि बायका घेऊन परत आल्या. त्यात पुण्यात प्लेग आलेला. शहरात एवढी माणसं ठेवणं शक्य नव्हतं. केडगावला त्यांनी आधीच जमीन घेतली होती, फळझाडं लावून शेतीतून संस्थेला थोडं उत्पन्न मिळावं म्हणून. त्या माळावर झोपड्या, तंबू उभे राहिले. त्यातून मुक्ती सदन झालं. १९०० च्या सुमारास पुन्हा दुष्काळ पडला, गुजरातेतूनही मुली आणल्या गेल्या आणि तिथल्या माणसांची संख्या दीड हजारावर गेली.

आता हे ऐकून 'बघा, विश्वासाने उडी मारली आणि सगळं झालं' असा सोपा निष्कर्ष काढू नका. रमाबाई हिशोबी बाई होत्या. जमीन आधी घेतली होती, विहिरी खणल्या, गुरं पाळली, शेती केली, विणकाम, शिवणकाम, छपाई शिकवली. १८९८ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि पुढच्या मदतीची व्यवस्था लावून आल्या. म्हणजे देवावर भरवसा आणि वहीतला जमाखर्च ह्या दोन्ही गोष्टी एकाच बाईकडे होत्या. फरक क्रमाचा होता. त्यांनी आधी माणूस पाहिला आणि मग बजेट उघडलं. आपण बहुतेक वेळा आधी बजेट उघडतो आणि त्यात माणूस बसतो का ते बघतो.

आणखी एक. मुक्तीत नुसत्या धडधाकट, शिकवता येतील अशाच मुली घेतल्या असत्या तर काम सोपं गेलं असतं. पण तिथे अंध मुलींसाठी सोय झाली, वृद्ध आणि अपंगांसाठी प्रीती सदन झालं, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन झालं. फुलममध्ये जे पाहिलं होतं, ते दौंडच्या माळावर उतरलं.

आणि मग त्यांनी जे दिलं त्याला पैशाचं नावच देता येत नाही. सामान्य बाईला कळेल अशा सोप्या मराठीत बायबल असावं म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांमधून पूर्ण बायबलचं भाषांतर केलं. ते मुक्तीतल्याच छापखान्यात, तिथल्याच स्त्रियांच्या हातून छापलं गेलं. म्हणजे दुष्काळात उपाशी सापडलेल्या मुली मोठ्या होऊन दुसऱ्यांसाठी टाइप जुळवत होत्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. पूर्ण बायबल त्यानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

एक अवघड प्रश्न: दानाला अट असावी का?

हे टाळून पुढे जाणं बरोबर नाही. १८९३ मध्ये शारदा सदनावरून पुण्यात मोठं वादळ झालं. सदनात कोणत्याही धर्माचा प्रचार होणार नाही असं ठरलेलं होतं. काही विद्यार्थिनी रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेला बसू लागल्या, त्यावरून 'केसरी'ने टीका केली. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं होतं की त्यांनी कोणावर सक्ती केली नाही, पण स्वतःच्या प्रार्थनेचं दारही त्या बंद करणार नाहीत. दोन्ही बाजूंनी लोक आजही वाद घालतात.

निकाल लावायला मी बसलेली नाही. पण आपल्या विषयाला यातून एक कठोर प्रश्न मिळतो: मी देते, तेव्हा समोरच्याने काय व्हावं अशी माझी अपेक्षा असते? भुकेल्या माणसाच्या ताटात वाढताना जर मनात 'आता हा आमच्यात येईल' असं असेल, तर ती देवाणघेवाण झाली. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं, त्यातला एकच आभार मानायला परत आला. येशूने बाकी नऊ कुठे आहेत असं विचारलं, पण त्यांचं बरं होणं काढून घेतलं नाही. पूर्ण मनाने देणाऱ्याला स्वतःचा विश्वास लपवायची गरज नाही. पण भाकरीला त्याचा टॅग लावायचीही गरज नाही.

हाच नियम घरातही लागतो. भावाच्या फीचे पैसे भरले आणि मग पाच वर्षं त्याला ऐकवलं, तर ते पैसे आपण दिलेच नाहीत. व्याजाने लावले.

दुसऱ्याच्या खिशातून त्याग

मुळशीत राहून हे लक्षात न येणं अवघड आहे. आपण धरणाच्या पाण्याशेजारी वीकेंडला भजी खायला जातो, तिथे १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला होता. टाटांच्या धरणासाठी, मुंबईला वीज देण्यासाठी त्यांच्या जमिनी जाणार होत्या. 'मोठ्या कामासाठी त्याग करा' असं त्यांना सांगणाऱ्यांच्या स्वतःच्या जमिनी पाण्याखाली जात नव्हत्या. घेतलेल्या गोष्टीला दान म्हणता येत नाही. दान हे देणाऱ्याच्या मनातून निघावं लागतं.

ह्याची छोटी आवृत्ती घराघरात असते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं उदाहरण घ्या. कवी माणूस, हाती आलेला पैसा टिकत नसे. १९१७ मध्ये तर त्यांनी मिशनचा पगारच सोडला आणि संन्यस्त वृत्तीने 'देवाचा दरबार' सुरू केला. मन मोठं, यात वाद नाही. पण लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचा. त्या औदार्याचा रोजचा खर्च चुलीपाशी कोण भागवत होतं ते कळतं. त्यांनी हे कडवटपणे सांगितलेलं नाही, हसत सांगितलंय, आणि परक्यांची मुलं स्वतःच्या घरात वाढवलीही. म्हणून मला वाटतं त्या घरातली उदारता दोघांची होती, फक्त एकाच्या वाट्याला नाव जास्त आलं.

येशू याबद्दल स्पष्ट बोललाय. आईवडिलांना जे द्यायचं ते 'देवाला अर्पण केलंय' असं सांगून हात वर करणाऱ्यांना त्याने चांगलंच सुनावलं. म्हणजे घरात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन थांबलंय आणि आपण मंडळीत साउंड सिस्टिमसाठी चेक देतोय, तर टाळ्या मिळतील, पण क्रम चुकलाय.

आणि हनन्या-सप्पीरा? त्या गोष्टीत पेत्र सांगतो की जमीन तुमची होती, विकल्यावर पैसेही तुमचेच होते. थोडे ठेवले असते तरी चाललं असतं. घोटाळा इथे झाला की थोडे ठेवून 'सगळे दिले' असं दाखवलं. स्टेटसवर दानाचा फोटो टाकताना ही गोष्ट आठवायला हरकत नाही.

आता आपलं काय?

चला, प्रॅक्टिकल बोलू. पगार येतो, एसआयपी जाते, ईएमआय जातो, घरी पैसे जातात. लेऑफच्या बातम्या रोज येतात. 'आधी सेफ होऊ दे, मग देईन' असं वाटणं साहजिक आहे. पण खरं सांगायचं तर सेफ वाटण्याचा आकडा पगाराबरोबर वर सरकतो. मक्केदोनियातल्या मंडळ्यांबद्दल पौल लिहितो की त्या स्वतः तंगीत होत्या, तरी यरुशलेमच्या गरिबांसाठी द्यायची संधी आम्हाला द्या म्हणून त्यांनी विनवणी केली. तोच पौल हेही लिहितो की इतरांना आराम आणि तुम्हाला ओझं असं व्हावं हा हेतू नाही. जे जवळ नाही त्याचा हिशोब देव मागत नाही.

तर पाच साध्या गोष्टी.

१. आधी ठरवा, मग खर्च करा. रक्कम लहान चालेल. पगाराच्या दिवशी वेगळी काढा. मिझोरममध्ये ख्रिस्ती घरांत रोज भात शिजवताना मूठभर तांदूळ बाजूला काढतात. त्याला 'बुहफाई थाम' म्हणतात. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या कामातही मुष्टिफंड होता. मूठ कोणालाही परवडते, आणि ती रोजची असल्यामुळे सवय होते.

२. कुठे देताय ते तपासा. यूपीआयवर दहा सेकंदांत पैसे जातात, त्यामुळे खोट्या आवाहनांचं फावतं. हॉस्पिटलला फोन करा, संस्थेचा हिशोब मागा. यात विश्वासाची कमी नाही. पौलाने जमा झालेला पैसा एकट्याने नेला नाही. कोणी बोट दाखवू नये म्हणून तीताला आणि आणखी भावांना सोबत ठेवलं. हिशोब मागितल्यावर चिडणाऱ्या ठिकाणी देऊ नका.

३. टॅक्सची कसोटी लावा. जुन्या करप्रणालीत दानावर वजावट मिळते, जिला आपण सगळे ८०जी म्हणून ओळखतो. नव्या करप्रणालीत ती मिळत नाही. तुम्ही नवी करप्रणाली निवडली त्या वर्षी तुमचं दान कमी झालं का? पावती घेण्यात काही गैर नाही. फक्त उत्तर स्वतःला खरं द्या.

४. आधी देणं लागतो ते द्या. घरकामाच्या मावशींचा पगार वेळेवर, त्यांच्या सुट्टीचे पैसे न कापता. पाऊस पडत असताना डिलिव्हरी घेऊन आलेल्या पोराला पाणी आणि वर चार पैसे. याकोबाच्या पत्रात मजुरांच्या अडवलेल्या मजुरीबद्दल फार कडक शब्द आहेत. मजुरी अडवून दिलेलं अर्पण देवापर्यंत पोहोचत असेल असं मला वाटत नाही.

५. पैशाशिवायचंही मोजा. तुम्हाला कोड येतो, एक्सेल येतं, इंग्रजी फॉर्म भरता येतो. पौडकडच्या वाड्या-वस्त्यांवरच्या एखाद्या मुलीला स्कॉलरशिपचा अर्ज भरून देणं तुमच्यासाठी अर्ध्या तासाचं काम आहे, तिच्यासाठी ते एक अख्खं वर्ष असू शकतं. रमाबाईंनी पैशाआधी भाषा दिली, हुन्नर दिला, म्हणून त्या मुली पुढे स्वतः देऊ शकल्या.

आता सुरुवातीचा प्रश्न. किती दिलं म्हणजे मोकळी? मला वाटतं, ख्रिस्ती श्रद्धेत उदारता सुरू होते ती 'मी आधीच मोकळी आहे' इथून. मला फुकट मिळालंय, ते कमावलेलं नाही, म्हणून मूठ घट्ट धरायची गरज उरत नाही. त्यामुळे ग्रॉस की नेट हे तुम्ही घरी बसून ठरवा, पाच मिनिटांचं काम आहे. उरलेला वेळ ह्या महिन्यात आपल्या आजूबाजूला कोणाचं ताट रिकामं आहे ते बघण्यात घालवा. आणि ते सापडलं, तर स्टेटस टाकू नका. जेवायला बोलवा.

भेटू पुढच्या भागात. हा भाग कोणाला उपयोगी पडेल असं वाटलं तर पाठवा. आणि तुमच्या घरी, तुमच्या मंडळीत देण्याची काही जुनी रीत असेल, मूठ धान्याची, हंगामाच्या सणाची, कसलीही, तर ती आम्हाला नक्की कळवा.